बासरी कपाटावर ठेवली, तरी वेळ का पुरेना?

पत्र थोडक्यात: कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने लिहिलंय. कॉलेज चालू असतानाच ती एका कंपनीत तीन महिन्यांची सॉफ्टवेअर इंटर्नशिप करतेय, त्यातले सात आठवडे गेले. प्रोजेक्ट असा की रोज येणाऱ्या सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातली कोष्टकं, स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली) वाचायच्या, तपासायच्या आणि डेटाबेसमध्ये भरायच्या. जुनं स्क्रिप्ट एका फाइलला ४० मिनिटं घेतं, ते नव्याने लिहायचंय. मित्रमैत्रिणी मशीन लर्निंगवर काम करतायत आणि आपल्या वाट्याला "फाइली भरायचं काम" आलं याची तिला लाज वाटते. एका एररवर दोन दिवस गेले, कुणाला विचारलं नाही, शेवटी एआय टूलकडून कोड लिहून घेतला. तो चालला, पण मेंटरने "हे मध्येच बंद पडलं आणि परत चालवलं तर काय होईल?" असं विचारल्यावर तिला काहीच सांगता आलं नाही. परीक्षा महिन्यावर आलीये. आठ वर्षं वाजवत असलेली बासरी तिने दीड महिन्यापूर्वी कपाटावर ठेवून दिली, रात्री ऑनलाइन बुद्धिबळाचे थोडे डाव तेवढे चालू आहेत. तरी वेळ पुरत नाही. ती विचारते, "ताई, इंटर्नशिप सोडू का? की मी या फील्डसाठी नाहीच आहे?"

तुझं पत्र मी दोनतीनदा वाचलं आणि दर वेळी एकाच जागी अडकले. बासरीबद्दल तू एकच ओळ लिहिलीयेस, "वेळ वाचवायला बंद केली", आणि पुढच्याच ओळीत "तरी वेळ पुरत नाही." या दोन ओळींच्या मध्ये तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, पण तू तिथे न थांबता सरळ "मी या फील्डसाठी नाही" पर्यंत गेलीस. समजा एखादा प्रोग्रॅम हळू चालतोय, तू अंदाजाने त्यातलं एक फंक्शन काढून टाकलंस आणि वेळेत काडीचा फरक पडला नाही, तर तू काय म्हणशील? की बाबा वेळ तिथे जातच नव्हता, दुसरीकडे कुठेतरी जातोय. मग प्रोफायलर लावून बघशील कुठल्या ओळीवर किती सेकंद जातायत. तुझ्या दिवसाचंही तसंच करायचं. एक आठवडा, कागदावर, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, खरं काय केलं ते लिहायचं. "अभ्यास" असं मोघम लिहू नकोस, "पुस्तक उघडं होतं, डोक्यात तो एरर चालू होता" असं असेल तर तसंच लिही. हा कागद माझ्याशिवाय कुणाला दाखवायचा नाहीये, त्यामुळे तो सुंदर दिसायची गरज नाही.

तो आठवडा व्हायच्या आधीच मी माझा अंदाज सांगते, चुकला तर कळव. तुझा सगळ्यात जास्त वेळ गप्प बसण्यात जातोय.

त्या दोन दिवसांच्या एररचंच घे. तू लिहिलंयस की प्रोग्रॅम म्हणत होता कॉलम सापडत नाही, आणि तो कॉलम तर तुला फाइलमध्ये ढळढळीत दिसत होता, आणि बाकी सगळे कॉलम सापडत होते, फक्त पहिलाच सापडत नव्हता, आणि फाइल एक्सेलमधून सेव्ह केलेली होती. हे वाचल्या वाचल्या माझ्या मनात एकच शब्द आला, बॉम, म्हणजे बाइट ऑर्डर मार्क. एक्सेलमध्ये यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट जास्तीचे येतात, ते स्क्रीनवर दिसत नाहीत, पण प्रोग्रॅमला ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटलेले दिसतात, म्हणून ते नाव तुझ्या कोडमधल्या नावाशी जुळत नाही. पायथॉन वापरत असशील तर फाइल उघडताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" दिलं की संपलं. आता सांग, हे हुशारीने ओळखता आलं असतं का? नाही. हे ज्याला एकदा चावलंय त्यालाच माहीत असतं, आणि तुझ्या शेजारी बसणाऱ्या चार जणांपैकी एखाद्याला तरी नक्की चावलेलं असणार. दोन मिनिटांच्या उत्तरासाठी तू दोन दिवस दिलेस आणि वर स्वतःला नापासही करून टाकलंस.

मी हे बाहेर उभी राहून बोलत नाहीये. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चार दिवस एका रिपोर्टमागे लागले होते, काही नोंदी कायम आदल्या दिवशी दिसायच्या. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं आणि मी स्थानिक वेळ धरून चालले होते, एवढंच. चौथ्या दिवशी पाणी प्यायला उठले तेव्हा एका सीनियरने सहज विचारलं काय चाललंय, मी सांगितलं, तो उभ्या उभ्या म्हणाला टाइमझोन बघ. मला तेव्हा हायसं वाटायच्या ऐवजी रडू आलं होतं, कारण चार रात्री मी हे कळू नये म्हणून जागले होते की मला येत नाहीये. ते रडू मला तुझ्या पत्रात ऐकू आलं, म्हणून हे एवढं सविस्तर सांगतेय.

तुझ्या मनात असं बसलंय की विचारलं म्हणजे येत नाही हे उघडं पडतं. मेंटरच्या जागेवरून बघ जरा. त्याला माहितीच आहे तू शिकतेयस, म्हणून तर तुला इंटर्न म्हणतात. त्याला त्रास कशाचा होतो, तर दोन दिवस काहीच कळत नाही आणि तिसऱ्या दिवशी अचानक असा कोड समोर येतो जो लिहिणारीलाच समजावता येत नाही. विचारायची एक पद्धत असते तेवढी लावून घे. स्वतः पाऊण तास प्रयत्न कर, घड्याळ लावून, मग चार गोष्टी लिही: मला काय हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं एररच्या मजकुरासकट, मी काय काय करून बघितलं, आणि मला काय वाटतंय. निम्म्या वेळा हे लिहिता लिहिताच उत्तर सापडतं आणि मेसेज पाठवावाच लागत नाही. उरलेल्या निम्म्या वेळा समोरच्याला उत्तर द्यायला सोपं जातं, आणि त्याला हेही दिसतं की ही मुलगी विचार करून आलीये.

आता ते "फाइली भरायचं काम". इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचंय.

जुन्या स्क्रिप्टला ४० मिनिटं का लागतात हे तू शोधलंस का? पत्रात तसं काही दिसलं नाही. कोड मी बघितलेला नाही, पण अशा कामात नेहमीचे दोन संशयित असतात. पहिला, प्रत्येक ओळ वेगळी टाकून प्रत्येक ओळीनंतर कमिट. कमिट म्हणजे डेटाबेस साधारणपणे डिस्कवर नोंद पक्की झाल्याशिवाय पुढे जात नाही, म्हणजे एक लाख ओळींना एक लाख वेळा थांबणं. तेच हजार हजार ओळींचे गठ्ठे करून टाकले की शंभरदा थांबणं. दुसरा संशयित, प्रत्येक ओळीसाठी ग्राहकांच्या टेबलमध्ये नाव शोधणं आणि त्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधता यावं म्हणून लावून ठेवलेली सूची, नसणं. टेबलमध्ये ५० हजार ग्राहक आणि फाइलमध्ये एक लाख ओळी असतील तर सगळं टेबल चाळत बसल्यावर वाईटात वाईट ५०० कोटी तुलना होतात. तेच क्रमाने लावलेल्या यादीत अर्धं अर्धं करत शोधलं तर एका शोधाला १६ तुलना पुरतात, म्हणजे सगळ्या मिळून १६ लाख. डेटाबेसचा इंडेक्स बी-ट्रीसारख्या रचनेवर हेच काम करतो. हे आकडे तू परीक्षेत लिहितेस ना, लॉग एन वगैरे? ते इथे बसलेत, तुझ्या टेबलावर, आणि तू मात्र लिहितेस की "कॉलेजचा अभ्यास आणि इंटर्नशिप यांचा काही संबंध नाही, दोन्हीकडे वेगळा जीव काढावा लागतो."

अजून एक. तू म्हणतेस ऑटोमॅटाचा विषय डोक्यावरून जातो आणि आयुष्यात कधी लागणार नाही. बरं, तुझ्या फाइलमध्ये पत्त्याचा कॉलम आहे. पत्त्यात स्वल्पविराम असतो. स्वल्पविरामावर ओळ तोडली की पत्त्याचे तीन तुकडे होतात आणि पुढचे सगळे कॉलम सरकतात. म्हणून सीएसव्हीत असा मजकूर अवतरणचिन्हांत ठेवतात, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमला सतत लक्षात ठेवावं लागतं की आपण आत्ता अवतरणाच्या आत आहोत की बाहेर. आत असताना स्वल्पविराम आला तर तो नुसतं एक अक्षर, बाहेर असताना आला तर कॉलम संपला. हेच फायनाइट ऑटोमॅटन, मोजक्या अवस्थांमध्ये फिरणारं यंत्र! वहीत गोल काढ, "आत" आणि "बाहेर", बाण काढ, मग अवतरणाच्या आत परत दोन अवतरणचिन्हं लागोपाठ आली तर काय याचा तिसरा गोल काढ. कामाच्या कोडमध्ये तू तयार लायब्ररीच वापर, स्वतःचा पार्सर (फाइल वाचून तोडणारा कोड) लिहायच्या भानगडीत पडू नकोस, पण अभ्यासासाठी हे चित्र एकदा हाताने काढलंस तर तो विषय तुझ्याशी बोलायला लागेल.

आणि नावं देवनागरीत असतील तर तेही बघ, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना मात्रा वेलांटी धरून. बाइटमध्ये मोजून ठेवलेली जागा इंग्रजी नावाला पुरते आणि मराठी नाव मध्येच तुटतं. तारखा ०३/०४ अशा आल्या तर मार्च की एप्रिल? फोन नंबरच्या सुरुवातीचं शून्य एक्सेलने खाल्लं तर? एवढ्या प्रश्नांची नीट उत्तरं असलेलं साधं स्क्रिप्ट हे खरं इंजिनीअरिंग आहे, आणि तुझे मशीन लर्निंगवाले मित्रसुद्धा मॉडेलच्या आधी डेटा साफ करत बसलेले असतील, त्यांना विचारून बघ.

मेंटरचा तो प्रश्न. मला तर तो तुला पाडायला विचारलेला वाटत नाही, तो त्या कामाचा गाभाच आहे. साठ हजार ओळी भरून झाल्या आणि वीज गेली, परत चालवलं, तर पहिल्या साठ हजार ओळी दुसऱ्यांदा जाणार का? दोन मार्ग आहेत. अख्खी फाइल एका ट्रान्झॅक्शनमध्ये टाकायची, म्हणजे अर्धवट राहिली तर सगळंच मागे फिरतं. किंवा गठ्ठे करायचे आणि प्रत्येक नोंदीला अशी एक युनिक की, म्हणजे फक्त तिचीच अशी ओळख, ठेवायची की तीच नोंद परत आली तर नवीन ओळ न बनता जुनीच अपडेट होईल. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, पण तुझ्या नोंदींना तशी नैसर्गिक की आहे का हे तुलाच बघावं लागेल. आणि बघून झालं की मेंटरकडे जा आणि सांग, "त्या दिवशी मला उत्तर आलं नव्हतं, मी शोधलं, मला असं वाटतंय." तुला वाटतंय तो क्षण हातचा गेला, पण उत्तर घेऊन परत येणारी इंटर्न मेंटरच्या जास्त लक्षात राहते.

एआय टूलबद्दल तू इतकं अपराधी होऊन लिहिलंयस की गुन्हा कबूल करतेयस असं वाटावं. वापरलंस यात चूक नाही. चूक एवढीच की न समजलेला कोड स्वतःच्या नावावर पुढे ढकललास. आता तोच कोड घेऊन बस, एकेका ओळीसमोर तुझ्या शब्दांत लिही ही ओळ काय करते, आणि ही काढली तर काय बिघडेल, आणि खरंच काढून बघ. जिथे लिहिता येणार नाही तिथे अभ्यास. पुढच्या वेळी टूलला "लिहून दे" म्हणायच्या ऐवजी "मी असं लिहिलंय, कुठे फुटेल?" असं विचार. एक गोष्ट मात्र कडक सांगते, कंपनीच्या फाइलमधला खरा डेटा, लोकांची नावं, फोन नंबर, हे बाहेरच्या टूलमध्ये टाकायचं नाही. कोड टाकायची परवानगी आहे का तेही मेंटरला विचारून घे. आधी टाकलं असशील तर आजच त्याला सांग, लपवून ठेवलंस तर ते तुला रोज खाईल.

आता तुझे छंद. तू दोन्ही एकाच पिशवीत घातलेस, बासरी आणि बुद्धिबळ, पण पत्रावरून तरी ते सारखे दिसत नाहीत. बासरीबद्दल तू लिहितेस की वाजवून झालं की डोकं शांत व्हायचं. बुद्धिबळाबद्दल लिहितेस की तीन मिनिटांचा एकच डाव म्हणून बसते, हरले की परत, आणि दीड वाजतो. मग कपाटावर बासरीच का गेली? मला वाटतं कारण बासरी मुकाट जाते. तिला नोटिफिकेशन येत नाही, रेटिंग खाली जात नाही, ती रात्री "अजून एक" म्हणत नाही. आपण वेळ कापायला निघतो तेव्हा जे भांडत नाही तेच आधी कापतो. बुद्धिबळ वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, फार सुंदर खेळ आहे, पण दमलेल्या डोक्याने रात्री खेळलेले ते झटपट डाव तुला बुद्धिबळही शिकवत नाहीत आणि झोपही देत नाहीत. रविवारी दुपारी एक लांब डाव खेळ, पटावर, माणसासमोर मिळालं तर फारच छान. फोनमधलं अ‍ॅप परीक्षा संपेपर्यंत काढून टाक, तुझं खातं तसंच राहील.

आणि बासरी खाली काढ. रोज वीस मिनिटं पुरे, परीक्षेच्या आठवड्यात दहा. दीड महिन्याने फुंक लागणार नाही नीट, पहिले दोन दिवस स्वर फाटेल, त्याला घाबरू नकोस, लांब स्वर धरत बस नुसते. तुझ्या मित्राने सुचवलेलं "बासरी शिकवणारं अ‍ॅप बनव, रेझ्युमेला चालेल" हे मला पटलेलं नाही. तुलाच मनापासून करावंसं वाटलं तर कर, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची सुरुवातही १९९१ मध्ये एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणूनच केली होती, पण त्याला ते करताना मजा येत होती हे विसरू नकोस. तुझ्याकडे एक तरी गोष्ट अशी असू दे जिचे मार्क नाहीत. डोनाल्ड क्नूथ हे नाव तू अल्गोरिदमच्या अभ्यासात ऐकलं असशील, ते ऑर्गन वाजवतात, घरात पाइप ऑर्गन बसवून घेतलाय त्यांनी. आणि याच माणसाने १९७७ मध्ये टेक्स हा टाइपसेटिंगचा प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा पुढच्या वर्षीच्या सुट्टीत तो संपेल असा त्यांचा अंदाज होता, तो पूर्ण स्थिर व्हायला १९८९ साल उजाडलं. तेव्हा तुझा "चार आठवड्यांत संपवते" हा अंदाज चुकला म्हणून फील्ड सोडायची भाषा करू नकोस. अंदाज चुकतात, चुकला की लगेच सांगायचं असतं, बस.

इंटर्नशिप सोडण्याबद्दल. सोडणं हा पर्याय आहेच, मी तो बंद करत नाही. झोप सलग उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तिथे कुणी घालूनपाडून बोलत असेल तर सोड आणि मागे वळून बघू नकोस, आणि घरी किंवा कॉलेजमधल्या समुपदेशकाशी बोल. पण तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही. तू अजून मेंटरशी कामाच्या आकाराबद्दल एकदाही बोललेली नाहीयेस, आणि न बोलताच सोडायचं ठरवतेयस, म्हणून मला घाई वाटते.

आधी हे कर. उरलेल्या आठवड्यांत परीक्षेचे दिवस कॅलेंडरवर खूण कर, त्या दिवसांत काम नाही असं धर, मग उरलेले दिवस मोज. तेवढ्यात काय बसेल? माझ्या मते फाइल वाचणं, तपासणं, गठ्ठ्याने भरणं, परत चालवलं तरी डबल न होणं, आणि चुकलेल्या ओळी कारणासकट वेगळ्या फाइलमध्ये काढणं. तू ज्याची स्वप्नं बघतेयस तो ग्राफवाला डॅशबोर्ड राहू दे, तो कुणी मागितलेलाही नाही. जुनं आणि नवीन स्क्रिप्ट एकाच मशीनवर एकाच फाइलवर तीन तीन वेळा चालवून वेळा लिहून ठेव, रिपोर्टमध्ये तेच सगळ्यात बोलकं पान असेल. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, छोटे ठेव आणि मेसेजमध्ये "का" ते लिही, "फिक्स", "फिक्स टू" नको.

अभ्यासाचं, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) आणि ऑटोमॅटा तू कामाच्या आधाराने वाचशील असं वाटतं. उरलेल्या विषयांचा कामाशी संबंध जोडत बसू नकोस, ते सरळ सकाळी ताज्या डोक्याने वाच आणि मोकळी हो.

आणि मेंटरला उद्या सकाळी हा मेसेज पाठव, हवे ते बदल करून: "सर, मला पंधरा मिनिटं हवीयेत. माझी परीक्षा अमुक ते अमुक तारखेला आहे, त्या दिवसांत काम होणार नाही. उरलेल्या दिवसांत मी या पाच गोष्टी पूर्ण करू शकते, डॅशबोर्ड बसणार नाही. आधी दिलेल्या कोडचा काही भाग मी टूलने लिहून घेतला होता, तो मी आता समजून पुन्हा लिहितेय. मध्येच बंद पडण्याच्या प्रश्नावर मला दोन मार्ग दिसतायत, ते दाखवायचेत." त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळव, आणि तो आठवड्याचा कागदही, माझा अंदाज किती चुकला ते मला बघायचंय.